काठावरचा तिसरा हात

अंगणाच्या कोपऱ्यात, नळाशेजारी जो फिकट, गोल टब पालथा पडलेला दिसतो, तो मी. जवळ येऊन बोटाने माती खरवडलीत तर खाली निळा रंग लागेल. माझी रुंदी अडीच फूट, खोली एक फूट. काठाला एके ठिकाणी चीर आहे आणि त्या चिरेवर सात टाके आहेत. प्लास्टिकच्या टबाला टाके कोण घालते, असे तुम्हाला वाटेल. ज्या बाईने ते घातले तिची हकीकत सांगितल्याशिवाय माझी पुरी होत नाही. म्हणून, मित्रांनो, दोन्ही एकदमच सांगतो. जे पाहिले आणि ऐकले तेवढेच सांगेन, पदरचे काही घालणार नाही.

मी एका कारखान्यात साच्यातून निघालो. त्या दिवशी निघालेले बरेच टब हिरवे आणि लाल होते. ते धुणे भिजवायला गेले. आम्हा थोड्या निळ्यांना वेगळे ठेवले होते. निळा रंग कशासाठी, हे मला पुढे कळले. कोई नावाचा एक शोभेचा मासा असतो. हातभर लांब वाढतो, शांत असतो, माणसाळतो. त्याचे सारे रंग पाठीवर असतात, म्हणून त्याला काचेच्या पेटीत बाजूने पाहत नाहीत. निळ्या टबात घेतात आणि वरून वाकून पाहतात. पांढरा, लाल आणि काळा निळ्यावर जसा खुलतो तसा दुसऱ्या कशावर खुलत नाही.

आता माझी गंमत पाहा. मी खाली असतो. मला दिसतात ती माशांची पोटे, सगळी जवळजवळ सारखीच. ज्या पाठींसाठी माणसांनी वर्षानुवर्षे वाद घातले, त्यांतली एकही मी आजवर पाहिलेली नाही. मी पाहिले ते वाकलेल्या माणसांचे चेहरे. त्या बाबतीत मात्र माझा अनुभव मोठा आहे.

मला एका चष्मेवाल्याने विकत आणले. पुढे त्याचे दुकान, मागे घर आणि त्याच्या मागे हे अंगण. अंगणात बारा फूट लांब आणि छातीइतका खोल हौद होता. शेजारी पाणी गाळायची तीन पिंपे आणि दिवसभर घरघरणारा हवेचा पंप. चष्मेवाल्याबरोबर त्याची मोठी बहीण राहत असे. सगळे तिला अक्का म्हणत. ती रफूचे काम करी. कोटाला पडलेले भोक ती असे भरायची की कोटाच्या मालकालाही जागा सापडू नये. आई लवकर गेल्यामुळे धाकट्या भावाला तिनेच वाढवले होते.

मी आलो त्याच वर्षी चष्मेवाल्याच्या हातून एक वीट माझ्या काठावर पडली आणि काठ चिरला.

"गेला कामातून," तो म्हणाला. "दुसरा आणतो."

"थांब जरा," अक्का म्हणाली. तिने सुई तापवली, चिरेच्या दोन्ही बाजूंनी भोके पाडली आणि नायलॉनच्या दोऱ्याने सात टाके घातले.

"हा दोरा कुठला?"

"गळाचा. बाजारात दुसरा मिळाला नाही."

"माशांच्या घरात गळाचा दोरा?"

"तू त्यांना सांगू नकोस म्हणजे झालं."

चीर पाण्याच्या रेषेच्या वर होती, त्यामुळे मी कधी गळलो नाही. पुढची वीस वर्षे मी त्या घरात रोज काम केले.

हौदातला मासा पकडण्याच्या दोन पद्धती मी पाहिल्या. चष्मेवाला जाळी घेऊन माशाला कोपऱ्यात नेई. मासा घाबरे, उसळे, एखादे खवले निखळे. अक्काची रीत निराळी होती. ती माझा काठ पाण्याखाली कलता धरायची, दोन बोटांनी माझ्या बुडावर टकटक करायची आणि नुसती बसून राहायची. "ये," एवढेच म्हणायची. कधी पाच मिनिटे लागत, कधी अर्धा तास. मासा आपणहून माझ्यात येई. मला वाटे, एखाद्या भांड्याला यापेक्षा मोठा मान कोणता?

चष्मेवाल्याला नुसते मासे पाळून समाधान नव्हते. त्याला ते पारखायचेही होते. कोईंच्या शौकिनांचे एक मंडळ होते आणि ते दरवर्षी प्रदर्शन भरवी. चष्मेवाला जुन्या परीक्षकांमागे वही घेऊन सहा वर्षे हिंडला. आधी शरीराचा बांधा, मग पांढऱ्याचा स्वच्छपणा, मग लाल रंगाची कड, शेवटी काळ्याची चमक, असे सारे त्याने पाठ केले. सातव्या वर्षी तो परीक्षक झाला. मंडळातले लोक त्याला गमतीने 'भिंग' म्हणू लागले. त्याचा जिवलग मित्र एक छापखानेवाला होता. एका प्रदर्शनात चष्मेवाल्याने या मित्राच्याच माशाला, पराच्या टोकाशी एक बारीक बाक आहे म्हणून, चौथ्या नंबरावर टाकले. छापखानेवाला दोन महिने चहाला आला नाही. तिसऱ्या महिन्यात आला तो म्हणतच आला, "अक्का, तुमच्या भावासमोर मासा मांडण्यापेक्षा दाढ काढून घेतलेली बरी."

मंडळाचा एक नियम होता. ज्या प्रदर्शनात माणूस परीक्षक असेल तिथे त्याने मासा मांडायचा नाही, आणि त्याच्याबरोबर एका छपराखाली राहणाऱ्या कोणीही मांडायचा नाही. त्यामुळे घरात एक तोड निघाली. एक वर्ष चष्मेवाल्याने परीक्षक व्हायचे, एक वर्ष मासे मांडायचे.

"एक वर्ष तुझं, एक वर्ष हौदाचं," अक्का म्हणाली.

हे बोलणे माझ्या समोर, याच अंगणात झाले. चष्मेवाल्याने मान डोलावली. पाच-सहा वर्षे ते दोघांनी नीट पाळलेही. ज्या वर्षी तो परीक्षक असे त्या वर्षी त्याचे रविवार बाहेरच जात. पिंपे धुणे, पाणी बदलणे, दाणे घालणे सारे अक्काकडे. "तू लोकांचे मासे बघायला जातोस आणि तुझे मासे मी बघते," ती म्हणायची. त्यात राग नसे. प्रदर्शनात प्रत्येक टबापुढे एक कार्ड लागे. वर माशाची जात, खाली पाळणाऱ्याचे नाव. खालच्या ओळीत नेहमी चष्मेवाल्याचे नाव असे. अक्काने त्याबद्दल कधी चकार शब्द काढला नाही.

मग शाई आली.

ती आली तेव्हा करंगळीएवढी होती. पांढऱ्यावर थोडा लाल रंग, बाकी काही नाही. चष्मेवाल्याने तिला माझ्यात घेऊन अर्धा मिनिट पाहिले आणि म्हणाला, "हिच्यात काही नाही. देऊन टाकू कुणाला."

"राहू दे," अक्का म्हणाली. "खाली काहीतरी आहे. कापडाला आतून डाग असतो ना, तसं दिसतंय."

सहा वर्षे ते काहीतरी आतच राहिले. सातव्या वर्षी वर येऊ लागले. मला अर्थातच दिसले नाही. पण एके सकाळी चष्मेवाला वाकला आणि त्याचा चेहरा बदलला. त्याने खिशातले भिंग काढले. बराच वेळ तो ते पाण्यावरून फिरवत राहिला.

"अक्का, मी चुकलो होतो."

"चष्मा बदल," अक्का म्हणाली. "घरचाच आहे, फुकट मिळेल."

पाठीवर दौत लवंडल्यासारखा काळा रंग उमटला होता, म्हणून अक्काने तिचे नाव शाई ठेवले. चष्मेवाल्याने त्या दिवशी जे कबूल केले ते मला शब्दन् शब्द आठवते. "येणारं प्रदर्शन हौदाचं आहे. हिला मांडायची. आणि कार्डावर तुझं नाव."

"माझं?"

"मासा तुझाच आहे. मी तर देऊन टाकत होतो."

 त्या दिवशी अक्काने मला दोनदा घासले. एरवी एकदाच घासायची.

प्रदर्शनाला चार आठवडे होते तेव्हा चष्मेवाल्याला फोन आला. तो हौदाच्या कठड्यावर बसून बोलत होता. पलीकडे मंडळाच्या चिटणीसबाई होत्या. त्या दातांच्या डॉक्टर, एकेक शब्द मोजून बोलणाऱ्या. त्यांचे बोलणे मला ऐकू आले नाही. चष्मेवाला फक्त "हो," "हो," "माझा मान आहे" असे म्हणत होता. अक्का दारात उभी होती.

"काय म्हणत होत्या बाई?"

"म्हातारबुवांना यंदा उभं राहवत नाही म्हणे. मुख्य परीक्षक म्हणून मला बोलावलंय."

म्हातारबुवा म्हणजे मंडळातले सर्वांत जुने परीक्षक. त्यांची जागा मिळणे म्हणजे त्या छंदात शेवटची पायरी होती.

"आणि तू हो म्हणालास," अक्का म्हणाली.

"अशी संधी पुन्हा येते का? पुढच्या वर्षी मांडू शाईला."

"पुढच्या वर्षी तिचा काळा राहील का? तूच सांग. तू परीक्षक आहेस."

चष्मेवाल्याने चष्मा काढून सदऱ्याच्या टोकाने पुसला. "सांगता येत नाही."

"मला येतं. इतका उशिरा आलेला रंग लवकर फुटून विरतो. हे तूच तुझ्या वहीत लिहिलंयस, मी वाचलंय."

 चष्मेवाला हळूच म्हणाला, "एक करता येईल. छापखानेवाला मांडेल तिला. त्याचं घर वेगळं, नियम आड येत नाही."

"कार्डावर नाव कुणाचं?"

"त्याचं. नुसतं कागदावर गं."

"आणि पारखणार तू."

"मी तिला सगळ्यांपेक्षा कडक बघेन."

"कडक नको नि मऊ नको. तू बघायचंच नाहीस. माझा मासा दुसऱ्याच्या नावावर नाही जायचा."

"बरं बाई, राहिलं," तो म्हणाला.

अक्का आत गेली. मला वाटले विषय संपला. अक्कालाही तसेच वाटले असणार.

पुढच्या मंगळवारी अक्का रफू केलेले कोट पोचवायला गेली. ती गेल्यावर पाव तासाने छापखानेवाल्याची गाडी आली. "अक्काला ठाऊक आहे ना?" त्याने विचारले. "आहे आहे," चष्मेवाला म्हणाला. त्याने जाळी आणली नाही. त्याने माझा काठ पाण्याखाली कलता धरला आणि दोन बोटांनी माझ्या बुडावर टकटक केली. अगदी अक्का करायची तशी. इतकी वर्षे तो ते पाहत होता, हे मला तेव्हाच कळले.

"ये," तो म्हणाला.

आणि शाई आली. माझ्यात येऊन स्थिर उभी राहिली. मी माझ्या आयुष्यात पुष्कळ काम केले, मित्रांनो, आणि कशाचीच मला लाज नाही. त्या मंगळवारच्या कामाची आहे. मला हात नाहीत, तोंड नाही, मी काही करू शकत नव्हतो हे खरे. पण ती ज्याच्यावर भरवसा ठेवून आली तो मी होतो.

आम्हा दोघांना छापखानेवाल्याच्या घरी नेले. त्याच्या मागच्या अंगणात पाण्याची एक रिकामी टाकी होती, तीत शाईला सोडले. मला शेजारी ठेवले. संध्याकाळी चष्मेवाला आला आणि टाकीच्या कडेला उभा राहून त्याने अक्काला फोन लावला.

"अगं, तू गेलीस आणि मला दिसलं, शाईच्या परांवर पांढरे डाग. लागण असेल तर हौद जाईल सगळा. छापखानेवाल्याकडे वेगळी ठेवलीय, मिठाच्या पाण्यात. टबही इथंच आहे."

अक्काचा आवाज फोनमधून बारीक येत होता. "मी येते आत्ता."

"नको येऊस. तुझ्या हातांनी लागण आपल्या हौदात जाईल. तीन आठवडे तरी नाही."

टाकीत मीठ नव्हते. शाईच्या अंगावर एकही डाग नव्हता. पोटाकडून तरी मी खात्रीने सांगतो.

हे तीन आठवडे चालले. चष्मेवाला एक दिवसाआड येई आणि तिथूनच फोन करी. "खातेय का?" अक्का विचारायची. "थोडं थोडं," तो सांगायचा, आणि शाईने तेव्हा दोन मुठी दाणे संपवलेले असत. अक्काने तिची भूक वाढावी म्हणून लसणाच्या पाण्यात भिजवलेले दाणे बरणीत भरून पाठवले. ते त्यानेच आणले आणि त्यानेच घातले. एकदा अक्का म्हणाली, "माझंच लक्ष नव्हतं का रे? डाग आधीच असतील. मला दिसायला हवे होते." त्यावर चष्मेवाला म्हणाला, "होतं असं कधी कधी. तू मनाला लावून घेऊ नकोस."

त्या वाक्यानंतर छापखानेवाल्याने हातातला चहाचा कप खाली ठेवला. "तिला माहीत नाही तर," तो म्हणाला. "सांगून टाक ना, गड्या."

"प्रदर्शन झालं की सांगतो. बक्षिसाचा कप घरी आल्यावर कोण रागावतं?"

"मला हे बरं वाटत नाही."

"तुला काय करायचंय? तुझं नुसतं नाव."

 मला छापखानेवाल्याचा चेहरा दिसत होता. नाही म्हणायचे होते आणि म्हणवत नव्हते, असा चेहरा.

प्रदर्शन एका मोठ्या सभागृहात होते. नियमाप्रमाणे प्रत्येकाने आपापला टब आणायचा असे, म्हणून छापखानेवाल्याने शाईबरोबर मलाही नेले. माझ्यापुढे सतरा नंबर लागला. नावाची कार्डे निकाल लागेपर्यंत पालथी ठेवत आणि मालकांना दोरीपलीकडे उभे करत. दुपारपर्यंत छाननी होऊन दोनच टब उरले, नऊ नंबर आणि सतरा नंबर.

शेवटच्या निवडीची तिथली रीत सांगतो. तीन परीक्षक एकमेकांशी न बोलता टबांभोवती तीन फेऱ्या घालतात. मग घंटा वाजते आणि एकेकाने पुढे येऊन, पसंत पडलेल्या माशाच्या टबाच्या काठावर हात ठेवायचा. तोंडाने काही सांगायचे नाही. सर्वांत शेवटी मुख्य परीक्षक.

पहिला हात नऊ नंबरावर गेला. दुसरा माझ्यावर आला, ऊबदार. मग चष्मेवाला पुढे झाला. तो नऊ नंबरावर वाकला, माझ्यावर वाकला. एवढी वर्षे मी त्याला माशांकडे पाहताना पाहिले होते. पाहताना त्याच्या भुवया जवळ येत, डावा डोळा बारीक होई. त्या दिवशी तसे काहीच झाले नाही. तो शाईकडे पाहतच नव्हता. निकाल त्याच्याजवळ तीन आठवड्यांपूर्वीच तयार होता. त्याने माझ्या काठावर हात ठेवला तो नेमका टाक्यांवर पडला. बोटांना दोरा लागला तसा त्याने हात चार बोटे बाजूला सरकवला.

टाळ्या झाल्या. दोरी सोडली. छापखानेवाला येऊन माझ्या शेजारी उभा राहिला आणि लोक त्याच्याशी हात मिळवू लागले.

आता अक्का तिथे कशी आली ते सांगतो. भाऊ परीक्षक असला की ती प्रदर्शनाला जात नसे. पण तीन आठवडे उलटून डाग जात नाहीत म्हणून तिला काळजी लागली होती. म्हातारबुवा खुर्चीवर बसून का होईना, प्रदर्शनाला येणार हे तिला ठाऊक होते. त्यांना औषध विचारायला ती आली होती. पिशवीत एका कागदावर तिने मिठाचे प्रमाण आणि दिवस लिहून आणले होते.

म्हातारबुवांची खुर्ची माझ्यापासून दहा पावलांवर होती. अक्का त्यांच्याकडे जाता जाता थांबली. तिला आधी मी दिसलो. आपले टाके कोण ओळखणार नाही? ती जवळ आली आणि वाकली. तिची सावली पाण्यावर पडताच शाई वर गेली आणि तोंड उघडून तिच्या हाताशी थांबली.

"अरे वा, ही तुम्हाला ओळखते की," शेजारी उभ्या असलेल्या चिटणीसबाई कौतुकाने म्हणाल्या.

अक्काने छापखानेवाल्याकडे पाहिले. "बरी झाली का?" तिने विचारले.

छापखानेवाल्याने मान खाली घातली.

"मिठानं बरी झाली?"

"अक्का, मला आधी वाटलं तुम्हाला माहीत आहे. मग कळलं, आणि... मी बोललो नाही."

एवढ्यात चष्मेवाला आला. त्याच्या कोटावर मुख्य परीक्षकाचा निळा बिल्ला होता. "अक्का, घरी बोलू," तो हलक्या आवाजात म्हणाला. "आपलीच आहे ना ती? पहिली आलीय. कप आपल्याच घरी येणार आहे."

"काय झालं?" चिटणीसबाईंनी विचारले.

 अक्का अजून माझ्यावर वाकलेलीच होती, त्यामुळे तिचा चेहरा फक्त मला आणि शाईला दिसत होता. ती गप्प बसली असती तर शाई त्या वर्षीची पहिली राहिली असती, भाऊ मुख्य परीक्षक राहिला असता, आणि घरी जाऊन काय भांडायचे ते भांडता आले असते. हे सारे तिला कळत होते. मग ती सरळ उभी राहिली.

"बाई, हा मासा यांचा नाही. आमच्या हौदातला आहे. सात वर्षं मी वाढवलाय. आणि मी राहते ती तुमच्या मुख्य परीक्षकांच्या घरात. मी त्यांची बहीण."

 चिटणीसबाईंनी चष्मेवाल्याला विचारले, "खरं आहे?" त्याचा हात कोटावरच्या बिल्ल्याकडे गेला. त्यांनी माझ्यापुढचे कार्ड उचलले, वाचले आणि आडवी रेघ मारली. सतरा नंबर बाद झाला. नऊ नंबर पहिला ठरला. चष्मेवाल्याने बिल्ला काढून टेबलावर ठेवला. पिन कोटाच्या धाग्यात अडकली होती, ती काढताना कोटाला बारीक भोक पडले. अक्काने ते पाहिले.

त्याच संध्याकाळी आम्ही या अंगणात परत आलो. शाईला हौदात सोडल्यावर चष्मेवाला कठड्यावर बसला.

"मी चुकलो," तो म्हणाला. "पण अक्का, ती पहिली आलीच असती गं. दुसऱ्या कुणी बघितलं असतं तरी."

"आली असती?"

"शंभर टक्के."

"कोण म्हणतं?"

"मी म्हणतो."

"तेच तर," अक्का म्हणाली. "तूच म्हणतोस. एका परीक्षकाला ती आवडली, एकाला दुसरी. तिसरा प्रामाणिक असता तर त्याने काय केलं असतं? ती खरंच पहिली होती का, हे आता मला कधीच कळणार नाही. कपाचं सोड. हे तू नेलंस माझ्याकडून."

चष्मेवाला म्हणाला, "पुढच्या वर्षी मी परीक्षक नसेन. मांडू तिला."

"तुला पुन्हा बोलावलं तर तू हो म्हणशील. आणि मी आजारी माशाची चौकशी करत बसेन." मग ती म्हणाली, "तुझ्या छपराखाली असले की तुझा नियम मला लागतो. तर मग छप्परच नको."

महिन्याभराने तिने दोन खोल्या घेतल्या. मागे लहानसे अंगण होते, तिथे गवंड्याकडून एक छोटा हौद बांधून घेतला. निघायच्या दिवशी छापखानेवाला गाडी घेऊन आला. त्याने न सांगता सामान उचलले आणि शाईसाठी एक नवा टब आणला होता तो पुढे ठेवला. पंप गेला, बरण्या गेल्या, सुयांचा डबा गेला. शेवटी त्याने माझ्याकडे बोट दाखवले.

"हा घ्यायचा ना? टाके तुम्हीच घातलेत."

मी वाट पाहत होतो. आजवर कशाचीही एवढी वाट पाहिली नव्हती.

अक्काने माझ्या काठावरून एकदा हात फिरवला. "याचा काही दोष नाही," ती म्हणाली. "पण यात येऊन उभं राहायला मी तिला शिकवलं. आता पुन्हा याच टबात 'ये' म्हणायला माझी जीभ वळणार नाही. राहू दे इथंच."

गाडी गेली. मी इथेच आहे.

चष्मेवाल्याने काही दिवस हौद सांभाळला. माझ्या बुडावर टकटक करून तो माशांना बोलवायचा. मासे हौदाच्या पलीकडच्या टोकाला जाऊन उभे राहायचे. कंटाळून त्याने ते वाटून टाकले. हौद कोरडा पडला. मंडळाने त्याला परीक्षकांच्या यादीतून काढले. मला त्याने पालथे घातले, आणि संध्याकाळी दुकान बंद केल्यावर तो माझ्यावर बसून बूट काढतो. त्याच्या कोटावरचे पिनेचे भोक अजून तसेच आहे. रफू कुणाकडून करून घ्यावे हे त्याला सुचत नसावे.

पुढच्या वर्षीच्या प्रदर्शनानंतर छापखानेवाला आला होता.  चष्मेवाल्याने विचारले, "मांडली होती?"

"मांडली होती. स्वतःच्या नावावर."

"काळा किती राहिला होता?"

"निम्मा. मधेच फुटलाय."

"कितवी आली?"

"चौथी. परीक्षक तिघंही बाहेरगावचे, अक्काला ओळखणारं कुणी नव्हतं." छापखानेवाला उठला. "कार्ड घरी घेऊन गेल्या. खोलीत लावलंय, शिवणयंत्राच्या वर. आल्या-गेल्याला दाखवतात. चौथी, चौथी म्हणून."

 माझ्यावरचे चष्मेवाल्याचे वजन त्या संध्याकाळी बराच वेळ हलले नाही.

मित्रांनो, जुना टब आहे, तेव्हा निगेबद्दल दोन शब्द सांगणे माझे कामच आहे. प्लास्टिकला उन्हात टाकू नका, ते ठिसूळ होते. काम झाले की धुऊन, पुसून, सावलीत उभे ठेवा. काठ चिरला तर लगेच फेकू नका, टाके घालता येतात. हे सगळे कराल याची मला खात्री आहे, कारण ते सोपे आहे. एक अवघड गोष्टही मागतो. तुमच्याकडेही कोणीतरी असेलच, मासा, कुत्रा, धाकटा भाऊ किंवा मोठी बहीण, जे तुमच्या एका हाकेला काही न विचारता येते. त्याला बोलावण्याआधी, कुठे नेणार आहात ते सांगा. आणि सांगता येण्याजोगे नसेल, तर हाक मारू नका.